शाळेतली स्पॅनिश: पायरी की पाया?

टेक्सासमध्ये स्कूल डिस्ट्रिक्टभर (म्हणजे एका कारभाराखालच्या सगळ्या शाळा मिळून) प्राथमिकच्या एका इयत्तेत एकाच मातृभाषेची, इंग्रजी शिकणारी 20 मुलं झाली की द्विभाषिक वर्ग काढावाच लागतो, कायदाच आहे. म्हणून पालक समितीत बसल्यावर वाद 'वर्ग हवा का' हा नसतो. ट्रान्झिशनल की ड्युअल लँग्वेज, एवढंच ठरवायचं असतं. ही मुलं बहुतेक लॅटिनो, घरी स्पॅनिश बोलणारी.

ट्रान्झिशनलमध्ये वाचन-गणित स्पॅनिशमधून सुरू होतं आणि काही वर्षांत मूल इंग्रजी वर्गात जातं. मुख्याध्यापकांना हे झेपतं. स्पॅनिशमधून शिकवणारे शिक्षक मुळात मिळत नाहीत, इथे ते खालच्या इयत्तांपुरतेच लागतात. पण मूल इंग्रजीत रुळलं की स्पॅनिश घरापुरती उरते.

ड्युअलमध्ये ती टिकते. 90/10 पद्धतीत किंडरगार्टनला 90 टक्के स्पॅनिश, मग दरवर्षी इंग्रजी वाढवत चौथी-पाचवीपर्यंत निम्मं-निम्मं. टू-वे प्रकारात इंग्रजी घरांतली मुलंही त्याच बाकांवर. मायामीच्या कोरल वे शाळेत 1963 पासून क्युबन मुलं अशी शिकू लागली. मुख्याध्यापकांचा कस लागतो तो इथे. दुसरीत इंग्रजी वाचनाचे आकडे मागे दिसले की वरून विचारणा होते, आणि घाबरलेला मुख्याध्यापक गुपचूप इंग्रजीचे तास वाढवतो. खमका असेल तो पालकांना बोलावून सांगतो की तिसरी ते पाचवीची 'स्टार' ही राज्याची परीक्षा स्पॅनिशमधूनही देता येते, जरा दम धरा.

माझा कौल ड्युअलला. एक मात्र खटकतं, आणि त्यात आपणही आलो. मुलाला फुकटात आणखी एक भाषा मिळते म्हणून आपली मराठी मंडळीही रांगेत उभी राहतात. मुख्याध्यापकांनी जागा आधीच राखल्या नाहीत, तर ज्यांची भाषा तीच मुलं वेटिंग लिस्टवर.

म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका, ऑफिसात अर्धा तास बसा. एका ड्युअल शाळेत भिंतीवर 'बिएनवेनिदोस'ची, म्हणजे स्पॅनिशमधल्या 'सुस्वागतम'ची, भली मोठी पाटी होती, आणि काउंटरपाशी आठेक वर्षांची मुलगी आईची दुभाषी झाली होती. धाकट्या भावाच्या दम्याच्या पंपाचा फॉर्म होता; शब्द अडला की ती क्लार्ककडे बघायची. दुसरी शाळा साधी ट्रान्झिशनल. पण काउंटरवरच्या बाई स्पॅनिश बोलायच्या, पालकसभा स्पॅनिशमधून चालायची आणि भाषांतराचे हेडफोन इंग्रजीवाल्यांच्या कानाला असायचे. या दोघींतून निवडायचं तर मी दुसरी घेईन, आणि ड्युअलचा आग्रह तिथल्या मुख्याध्यापकांकडे धरीन.