पिल्लू गाडीतून आणताना : मांडी, खोकं की कॅरियर?

कोल्हापुरातून रत्नागिरीला कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू आणायचं आहे असं धरू. अंतर साधारण 130 किलोमीटर. मलकापूरपर्यंत फारसा त्रास नाही, पण पुढे आंबा घाट उतरून साखरप्याला यायचं, आणि पिल्लाची खरी परीक्षा तिथेच. आईपासून, भावंडांपासून ते पहिल्यांदाच तुटलेलं असतं. त्यामुळे त्याला कशात बसवून आणायचं हा प्रश्न किरकोळ समजू नका.

बहुतेकांचं मन मांडीकडे ओढ घेतं, आणि ते मला पटतं. अंगाची ऊब लागली की पिल्लू लवकर शांत होतं, रडणं कमी होतं. पण मांडी मागच्या सीटवरची हवी आणि मोठ्या माणसाची हवी. लहान मुलांच्या हौसेपायी त्यांच्याकडे देऊ नका. पुढच्या सीटवर एअरबॅग उघडली तर पिल्लू वाचणं कठीण. चालवणाऱ्याच्या मांडीचा तर विचारही नको, निसटून ब्रेकखाली गेलं की सगळ्यांच्याच जिवाशी गाठ. मागच्या सीटवरही एक धोका उरतोच : घाटातल्या वळणावर समोरून एसटी आली आणि करकचून ब्रेक लागला, तर तेवढ्या क्षणी हातांची पकड पुरत नाही.

तिथे कॅरियर, म्हणजे पाळीव प्राणी न्यायचा पेटीसारखा पिंजरा, कामाला येतो. जाळीच्या दाराचा, कडक प्लास्टिकचा घ्या. आत पिल्लाला उभं राहता आणि वळता यावं, एवढाच. ऐसपैस घेतला तर प्रत्येक वळणावर ते या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतं. लहान कॅरियर पुढच्या सीटमागच्या पायाशी घट्ट बसतो. तळाला वर्तमानपत्रांचे थर आणि वर जुन्या सुती साडीचा तुकडा टाकला, की ओलं झालेलं काढून टाकायला दोन मिनिटं पुरतात. अडचण एकच, ते रडतं, आणि ऐकवत नाही. त्याच्या आईच्या अंगावर फिरवलेलं फडकं आत ठेवा, शेजारी कुणीतरी बसून जाळीतून बोटं आत द्या. बोटं चाटता चाटता बरीच पिल्लं झोपी जातात.

पुठ्ठ्याचं खोकं फुकटात मिळतं, पण शू झाली की तळ भिजतो आणि उचलताना हातात येतो. गावातल्या गावात, वर हात धरून, ठीक. हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, मोठ्या कुत्र्याला चांगला. एवढंसं पिल्लू त्यातून सहज निसटतं. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी लावून सीटला बांधणं मात्र कधीच नको, झटका थेट मानेला बसतो.

काहीही निवडा, उलटीची तयारी ठेवाच. पिल्लाच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा अजून पक्की झालेली नसते, म्हणून त्याला गाडी लागते. आधी ते सारखे ओठ चाटतं, जांभया देतं, मग हनुवटीला लाळेची तार लोंबू लागते. तार दिसली की गाडी बाजूला घ्या. निघण्याआधी तीनेक तास हलकं खाणं द्या आणि मग थांबा. फार छोट्या जातीचं पिल्लू असेल तर जास्त वेळ उपाशी ठेवू नका, रक्तातली साखर उतरते. घाट लागण्याआधी आंबा गावात थोडा वेळ थांबलेलं बरं. पण ढाब्याच्या अंगणात त्याला खाली सोडू नका. लसींचा कोर्स पूर्ण झालेला नसतो आणि पार्व्होचा, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या रोगाचा, विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. डिकीत वर्तमानपत्र पसरून तिथेच शू करू द्या.

माझं मत विचाराल तर शहरातल्या शहरात अर्ध्या तासाचा रस्ता असेल तर मांडी, आणि घाट किंवा हायवे असेल तर कॅरियर, शेजारी माणूस बसवून. गाडीत तुम्ही एकटेच असाल तर कॅरियरशिवाय निघूच नका. तो मिळेपर्यंत पिल्लू दोन दिवस आईजवळ राहिलं तर त्याचं भलंच होईल. उलट कुणी सहा आठवड्यांचं पिल्लू घाईने हातात देत असेल तर घेऊ नका. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीबाबतच्या 2017 च्या सरकारी नियमांनुसार आठ आठवड्यांआधी पिल्लू विकताच येत नाही.