छबिलदासच्या गल्लीतलं अक्षरजुळणीचं दुकान आणि माझं बाड

दादर पश्चिमेला छबिलदास शाळेच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली हे दुकान आहे. पाटीवर दुकानाचं नाव नाही. ‘मराठी अक्षरजुळणी, झेरॉक्स, बाइंडिंग’ एवढंच. मी २०१४ पासून तिथे जाते. माझ्या आईवरच्या, गिरणी संपाच्या काळातल्या कादंबरीचे सातही खर्डे तिथेच टाइप झाले, म्हणून हे लिहिण्याचा मला थोडा हक्क आहे असं वाटतं.

दुकानात दोघंच असतात, काका आणि त्यांचा पुतण्या. काका तरुणपणी छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. त्यामुळे अक्षर लागत नाही अशी तक्रार नाही, आणि लेखकाच्या भाषेला हात लावायचा नाही ही सवय पक्की आहे. माझी आई सातारकडची. तिच्या तोंडी मी ‘वाईच’ लिहिलं तर ते ‘थोडंसं’ होऊन येत नाही. दर पानाला चाळीस रुपये, दुरुस्तीचे दहा. दादरमध्ये याहून स्वस्त टायपिंग मिळतं, पण तिथे शुद्धलेखन मलाच करावं लागलं.

खरं सांगायचंय ते गेल्या जूनचं. सातव्या खर्ड्याच्या दुरुस्त्या घेऊन गेले तेव्हा काकांनी कागद चाळले आणि म्हणाले, “ताई, हे टाइप करून देतोच. पण त्याआधी सगळ्या प्रती एकदा शेजारी लावून बघू या का?”

वर्डमध्ये दोन फायलींची तुलना करायची सोय आहे. जुनी आणि नवी फाइल दिली की काय खोडलं, काय घातलं ते लाल रंगात दिसतं. ऐकायला सोपं, पण मराठीत एक अडचण आहे. माझे पहिले दोन खर्डे श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या पद्धतीत होते. त्या पद्धतीत अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जातात, म्हणजे ‘कि’ची वेलांटी क च्या आधी आणि ‘र्क’चा रफार क च्या नंतर. आता सगळीकडे चालतं त्या युनिकोडमध्ये नेमकं उलटं. रूपांतर करताना एखादा रफार जरी सरकला तरी न बदललेलं वाक्यही लाल दिसतं आणि तुलनेला काही अर्थ उरत नाही. पुतण्याने दोन आठवडे रोज थोडं थोडं बसून ते दोन्ही खर्डे स्वच्छ केले. या कामाचे अठराशे रुपये घेतले, आणि मला ते कमीच वाटले.

मग रंगीत प्रिंट काढून काकांनी काउंटरवर पसरले.

तिसऱ्या आणि चौथ्या खर्ड्याची तुलना जवळजवळ सगळी लाल होती. त्या वर्षी मी निवेदन स्वतःकडून काढून आईकडे दिलं होतं. प्रत्येक वाक्याला नवी जागा शोधावी लागली होती, कितीतरी पानं गेली. ते कष्ट वाया गेले असं मला आजही वाटत नाही. सहाव्या-सातव्याची तुलना मात्र वेगळी दिसत होती. पानापानावर लाल ठिपके: ‘पण’चं ‘परंतु’, दोन वाक्यांचं एक, परिच्छेदाची जागा इकडून तिकडे. काकांनी पाचवा खर्डा शेजारी ओढला. सहाव्यात मी खोडलेलं सातव्यात जसंच्या तसं परत आणलं होतं. अशा एकवीस जागांवर त्यांनी पेन्सिलीने बारीक खूण केली. बोलले काहीच नाहीत.

लाल सर्वांत दाट होतं ते मुंबईच्या गिरणी संपाच्या प्रकरणांत. संप सुरू झाला ती १८ जानेवारी १९८२, त्याचे नेते डॉ. दत्ता सामंत, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार; खानावळवाल्या बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली सुरू केलेलं अन्नपूर्णा महिला मंडळ. हे सगळं मी वाचनालयांत बसून टिपलं होतं आणि दर खर्ड्यात त्याची मांडणी बदलत होते. माझी आई लालबागला चाळीतल्या खोलीत अकरा जणांची खानावळ चालवायची. तिची गोष्ट सांगायची तर हे सगळं यायलाच हवं, असं मी धरून बसले होते. एका प्रकाशकाने बाड परत करताना ‘आई मध्येच हरवते’ असं लिहिलं होतं. ते वाचून मी सहावा खर्डा केला, आणि त्यात इतिहास आणखी नीटनेटका लावला.

आणि मग ती पांढरी पानं. चौथ्यापासून सातव्यापर्यंत, कुठल्याही तुलनेत, ८८ ते १०१ या चौदा पानांवर लाल रेघ नव्हती. त्यात आईची उधारीची वही आहे. जेवायला न आलेल्या दिवसाचा खाडा लावायचा आणि महिन्याच्या पैशांतून वजा करायचा, अशी खानावळीची रीत. संपात माणसं गावी गेली आणि फेब्रुवारीपासून वहीत नावापुढे महिनाभर नुसते खाडे. आईने एकही नाव काढलं नाही. दर पहिल्या तारखेला ती अकराच्या अकरा नावं पुन्हा लिहायची.

ते वाचताना काकांनी चष्मा काढून पुसला. मी सातव्या खर्ड्याच्या दुरुस्त्यांचे कागद पिशवीत परत ठेवले. टाइप करायला दिले नाहीत.

बाड बाजूला ठेवणं म्हणजे आईला बाजूला ठेवणं, अशी भीती मला फार वर्षं होती. आता ते कपाटात आहे, दोरी बांधून. चौदा पानं एका नव्या वहीत उतरवून घेतली आहेत आणि तिथून पुढे लिहिते आहे. तीस पानं झाली, संप अजून सुरू झालेला नाही.

दुकानाबद्दल दोन उणिवाही सांगते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिवाळी अंकांची कामं असतात, तेव्हा फोन उचलत नाहीत आणि दिलेली तारीख हमखास पुढे जाते. बसायला जागा नाही, प्रती लावून बघायच्या तर उभ्यानेच बघाव्या लागतात. तुलना करून घ्यायची असेल तर दुपारी तीननंतर जा, तेव्हा गर्दी ओसरलेली असते. आणि सगळे जुने खर्डे पेनड्राइव्हवर तारखेसकट न्या, नकोसे वाटून बाजूला टाकलेले सुद्धा.