कोपरखैरण्यातील केबलसेवा : परीक्षण बिलाचे

कोपरखैरण्यात घराच्या छतावरची डिश काढून आम्ही स्थानिक चालकाची केबलजोडणी घेतली ती पावसाळ्यामुळे. घरगुती डिश केयू बँड या उच्च वारंवारतेच्या लहरींवर चालते आणि मुसळधार पावसात तिचा संकेत क्षीण होतो. केबलच्या मुख्य केंद्रातील मोठ्या डिश प्रामुख्याने कमी वारंवारतेच्या सी बँडवरून वाहिन्या उतरवून घेत असल्याने तेथे हा उपद्रव पुष्कळ कमी असतो. या बाबतीत सेवा अपेक्षेला पूर्ण उतरली. तरीही तिच्याविषयी लिहावेसे वाटले ते तिच्या मासिक बिलामुळे.

ट्राय या दूरसंचार व प्रसारण नियामक संस्थेने २०१७ मध्ये अधिसूचित केलेली दरव्यवस्था फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्यक्षात आली आणि हव्या त्या वाहिन्या सुट्या घेण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला. नेटवर्क क्षमता शुल्कावर, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्याच्या मासिक आकारावर, करवगळता १३० रुपयांची कमाल मर्यादा होती. त्यात सुरुवातीला १०० आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर २०० वाहिन्या मिळू लागल्या. जुलै २०२४ मध्ये मात्र ही मर्यादा उठली. जोडणी आणि तंत्रज्ञाची भेट यांचे आकारही चालकांच्या मर्जीवर सोडण्यात आले, फक्त ते जाहीर करण्याचे बंधन राहिले. कायद्याने बांधलेला आकडाच नसेल, तर आपण कशाचे किती देतो हे सांगणारे बिल हेच ग्राहकाच्या हातातले साधन ठरते.

या चालकाच्या बिलात क्षमता शुल्क, सशुल्क वाहिन्यांची किंमत, सेट टॉप बॉक्सचे भाडे आणि १८ टक्के जीएसटी अशा वेगवेगळ्या ओळी असतात. ऐरोलीत राहणाऱ्या माझ्या बहिणीला तिचा केबलवाला केवळ एकूण रक्कम मेसेजने कळवतो, त्यामुळे या चार ओळींचे मोल मला अधिक वाटते. काउंटरवरील तरुणीने मराठी वाहिन्यांचे सुटे दर संगणकावर उघडून दाखवले आणि नको असलेल्या क्रीडा वाहिन्या विनातक्रार काढून दिल्या.

उणीव अशी की छापील पत्रकात केवळ पॅक आहेत. सुट्या दरांची यादी मागितल्याशिवाय पुढे येत नाही. याचा सारा दोष चालकावर टाकणे अन्यायाचे होईल, कारण १९ रुपयांपर्यंतच्या वाहिन्या पॅकमध्ये घालून त्यांच्या बेरजेवर ४५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा प्रसारकांना आहे, आणि एवढ्या सवलतीपुढे सुटी निवड महाग वाटू लागते. ग्राहकाच्या निवडीचा हक्क कागदावर शाबूत राहून व्यवहारात आक्रसतो तो येथे, आणि ही गोष्ट मला गंभीर वाटते.

तक्रारनिवारणात मात्र दोष चालकाचाच आहे. प्रत्येक तक्रारीला क्रमांक देणे नियमाने बंधनकारक असताना येथे फोनवर फक्त ‘माणूस पाठवतो’ असे उत्तर मिळते. माणूस येतो, काम नीट करतो, परंतु नोंद राहत नाही. तक्रार न सुटल्यास ज्याच्याकडे दाद मागायची त्या नोडल अधिकाऱ्याचे नावही काउंटरवर कोणाला सांगता आले नाही. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. प्रकरण ग्राहक आयोगाकडे न्यायचे झाल्यास तक्रारीचा क्रमांक हाताशी असलेला बरा. नवी जोडणी घेणाऱ्यांनी तो पहिल्याच फोनपासून मागावा आणि अर्ज भरताना सुट्या वाहिन्यांची यादी छापून घ्यावी.