एअर रायफलसाठी हार्ड केस घ्यावी की पॅडेड बॅग?

मुलगी 10 मीटर एअर रायफल खेळते आणि राज्याबाहेरची पहिली स्पर्धा तोंडावर आली, की पालकांचं घोडं हमखास इथेच अडतं.

मार सोसण्यात दोन्हींची तुलनाच नको. विमानतळावर सामान आपटतंच, आणि त्यात पहिला बळी जातो मागच्या डायॉप्टर साइटचा, म्हणजे ज्या बारीक छिद्रातून नेम धरतात तिचा. पॅडेड बॅग फक्त ओरखडे वाचवते. पण हार्ड केसमध्येही फोम रायफलच्या आकाराचा कापलेला हवा. बंद केस हलवून बघा. आत खडखडलं तर फोम बदला. साइट काढून कापडात गुंडाळा, आणि बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीक पीस (गालाचा आधार) कुठे बसवलेत त्याच्या खुणा आधी पेन्सिलीने करून ठेवा, नाहीतर तिथे पोचल्यावर सगळा सराव पुन्हा पहिल्यापासून.

वजनात मात्र बॅग जिंकते. रायफल नियमाने जास्तीत जास्त साडेपाच किलो. त्यात केस, शूटिंग जॅकेट आणि ट्राउझर धरले तर देशांतर्गत विमानाची 15 किलोची मुभा बघता बघता संपते. रायफलला जोडलेला दाबाच्या हवेचा सिलिंडर रिकामा करण्याबद्दल एअरलाइनला आधीच विचारा, काउंटरवर वाद नको.

किमतीतही बॅग बरीच स्वस्त पडते. चेन मात्र लवकर जाते.

पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सरावाला रोज स्कूटरवरून जायचं किंवा रेल्वेत रायफल सतत नजरेसमोर राहणार, तर बॅग पुरे. विमान किंवा कुरिअर असेल, म्हणजे सामान दुसऱ्याच्या हाती जाणार असेल, तर हार्ड केसच घ्या.