गॉल योद्ध्यांची पलटण आणि एका थराचे रंग : काही महिन्यांच्या वापरानंतर

टेबलावर खेळायच्या लढाईसाठी मी छोटे सैनिक रंगवतो, त्या कामाचा निकाल आधीच सांगून टाकतो. एका थरात उजेड-सावली देणारे हे कॉन्ट्रास्ट पद्धतीचे रंग कुठल्या सैन्याला शोभत असतील, तर ते रोमनांशी लढलेल्या गॉल (आजच्या फ्रान्सच्या भागातले), जर्मन, डेशियन (आजच्या रुमानियाच्या भागातले) अशा टोळीवाल्यांना. रोमन लीजनसाठी घेतले असते तर अर्ध्यात सोडून दिले असते. पण गॉल मंडळींच्या अंगावर जे दिसतं, म्हणजे उघडी कातडी, केस, लोकर, चामडं, लाकूड, ते सगळं या रंगांच्या पथ्यावर पडतं. तोंडघशी पाडणाऱ्या जागा दोनच, चौकड्याचं कापड आणि ढाल. तिथे जुने साधे ॲक्रिलिक रंगच लागतात.

माझ्याकडे २८ मिमी मापाचे प्लास्टिकचे गॉल पायदळ आहेत. डोकी, हात सुटे, आपण चिकटवायचे. जोडीला थोडे धातूचे, उघड्याने लढणारे. रंग दोन-तीन कंपन्यांचे मिसळून वापरले. हा प्रकार सिटाडेल या ब्रँडने २०१९ मध्ये आणला, मग बाकीच्यांनीही आपापल्या नावाने बाटल्या काढल्या. तत्त्व सगळ्यांचं एकच : रंग अर्धपारदर्शक आणि वाहता, उंचवट्यावरून उतरतो आणि खाचेत साचतो. म्हणून खालचा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, फिका लागतो. पांढराफेक नको, कातडी प्रेतासारखी दिसते. हस्तिदंती किंवा फिकट राखाडी बरा.

प्रायमरची आपल्याकडे वेगळीच कटकट. स्प्रेचे डबे विमानाने येत नाहीत, त्यामुळे परदेशातून मागवायचा प्रश्न मिटला. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारा स्प्रे चालतो, पण लांबून आणि हलक्या हाताने मारायचा. जवळून ओला थर बसला की चेहऱ्यावरचं कोरीव काम बुजतं. पुण्यात जून ते सप्टेंबर मी स्प्रेच्या वाटेला जातच नाही. ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर वेळ खातो, पण भर पावसातही नीट वाळतो.

साच्याच्या रेघा सुरीच्या पाठीने खरवडून काढण्यात कंजुषी करू नका. साध्या रंगाखाली अशी रेघ लपून जाते, या रंगात ती खाच समजून रंग तिच्याकडेच धावतो. दंडावरून मनगटापर्यंत गेलेली काळी शीर टेबलाच्या पलीकडूनही दिसते.

आता कातडी आणि केस, म्हणजे ज्यासाठी पैसे वसूल झाले ते काम. त्वचेच्या रंगाचा एक भरपूर हात द्यायचा, मग ओलसर ब्रशने जिथे तळं साचलंय तिथून रंग ओढून घ्यायचा. हे मिनिटभरात व्हायला हवं. नंतर हात लावला तर अर्धवट वाळलेली साय फाटते आणि डाग राहतो. छाती, बरगड्या, पोटऱ्या एवढ्यावरच उठून दिसतात. वर नाक, गालाची हाडं, बोटांचे सांधे इथे फिक्या साध्या रंगाचा ठिपका दिला की चेहरा जागा होतो. डोळे मी रंगवतच नाही. या मापात भुवईखालची सावली पुरते. बुबुळं काढली की प्रत्येक योद्धा दचकलेला दिसतो.

केसांसाठी डायोडोरसचं वर्णन हाताशी ठेवा. इ.स.पू. पहिल्या शतकातला हा सिसिलीचा ग्रीक इतिहासकार सांगतो की गॉल लोकांचे केस मुळातच पिंगट, वर ते चुन्याच्या पाण्याने धुऊन आणखी पांढरट करत आणि कपाळावरून मागे ओढून घेत, इतके की ते घोड्याच्या आयाळीसारखे राठ होत. सरदार मंडळी गाल तासत आणि मिशा तोंड झाकेपर्यंत वाढवत. जेवताना त्यात अन्न अडके आणि प्यायलेलं त्यातून गाळून जाई. रंगवणाऱ्याला यातून पाककृतीच मिळते. आधी मातकट पिवळा कॉन्ट्रास्ट, वाळला की जवळजवळ कोरड्या ब्रशने हस्तिदंती रंग फक्त टोकांवरून फिरवायचा. मुळांशी गडद राहू द्यायचं. चुना लावलेले केस आणि नुसते सोनेरी केस यातला फरक तिथेच दिसतो. मिशीला मात्र चुना नको, ती पिंगटच ठेवा. रोममधल्या कॅपिटोलाइन संग्रहालयातल्या मरणोन्मुख गॉलच्या पुतळ्यात राठ केसांच्या जटा, मिशी आणि गळ्यातला पिळाचा टॉर्क (गळ्यात घालायचं कडं) हे सगळं नीट बघायला मिळतं. फोटो समोर ठेवून डोकी रंगवली तर चुकायची भीती नाही.

कपड्यांकडे वळलं की बाटल्यांच्या भडकपणाची अडचण येते. जांभळा, विजेसारखा निळा, पोपटी हे रंग राक्षस आणि अंतराळवीरांसाठी बनलेले. गॉल कापड वनस्पतींनी रंगायचं : वोडचा निळा, मॅडरच्या मुळाचा तांबडा, वेल्डचा पिवळा, निळ्यावर पिवळा चढवून हिरवा, आणि न रंगवलेल्या लोकरीचे तपकिरी-राखाडी. हा तांबडा आपल्याला परका नाही, मॅडर ही मंजिष्ठेची बहीण. वोडचं झाड तर मोहरीच्या कुळातलं, आपली नीळ शेंगावर्गातली, तरी दोन्हीतलं रंगद्रव्य एकच. त्यामुळे निळ्यासाठी मी जुन्या नीळ घातलेल्या कापडाकडे बघतो, बाटलीवरच्या चित्राकडे नाही. प्रत्येक भडक रंगात तपकिरीचा थेंब आणि त्याच कंपनीचं पातळ करायचं मिडियम घातलं की काम होतं. पाणी जास्त घातलं तर कडेला वर्तुळं उमटतात.

एकूण सात-आठ रंग ठरवून घेतले आणि तेवढेच फिरवले. याची विजार त्याचा झगा, त्याचा झगा तिसऱ्याचा पट्टा. एकाच्या अंगावरचं दुसऱ्याच्या अंगावर नाही, पण सगळे एकाच घरचे वाटतात. गॉलची फौज म्हणजे वऱ्हाड दिसलं पाहिजे, बँडपथक नव्हे.

आणि चौकडा. बरेच जण तो टाळतात, पण तो नसेल तर मला ती फौज गॉल वाटतच नाही. डायोडोरस रंगीबेरंगी अंगरखे, विजारी आणि चौकड्याचे झगे यांचा उल्लेख करतो. ऑस्ट्रियात हालश्टाटच्या खाणीत त्याच्याही शेकडो वर्षं आधीचं लोकरी कापड मिठामुळे टिकलंय आणि त्यातही चौकडा आहे. कॉन्ट्रास्ट रंगाने रेघ ओढता येत नाही, ती पसरते. म्हणून कापडाला पहिला हात कॉन्ट्रास्टचा, नक्षी साध्या ॲक्रिलिकची, दुधाइतकी पातळ.

एक विजार घेऊ. खाली विटकरी तांबडा. कमरेपासून घोट्यापर्यंत उभ्या रेघा, मांडीच्या पुढच्या बाजूला तीन पुरतात, चौथी घुसवली की जाळी होते. रेघ सरळ ओढायची नाही. कापड जिथे चुणीत शिरतं तिथे रेघेने आत शिरायचं, गुडघ्यावर ताणलंय तिथे दोन रेघांमधलं अंतर वाढवायचं. मग आडव्या रेघा, पायाच्या गोलाईने किंचित खाली वाकलेल्या. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे त्याच रंगात पांढरा मिसळून एक बारीक ठिपका. हा ठिपकाच सगळी जादू करतो, त्याच्यामुळे रंगवलेल्या रेघा विणलेल्या वाटायला लागतात. ब्रश १ नंबरचा, टोक शाबूत असलेला, सेबल या प्राण्याच्या केसांचा. तीन शून्यांचा ब्रश घ्यायचा मोह होतो, पण त्यात रंग राहतच नाही, मॉडेलपर्यंत पोचायच्या आत वाळतो. एप्रिल-मे मध्ये तर विचारूच नका. झाकणाच्या डब्यात ओला टिश्यू आणि वर बटर पेपर अंथरला की रंग दुसऱ्या दिवशीही ओला सापडतो.

प्रत्येकाला चौकडा देऊ नका. पहिल्या रांगेत तिघात एकाला, मागच्यांना साधे पट्टे, अगदी मागे काहीच नाही. डोळा पुढच्या रांगेवरच थांबतो.

अंगावर निळी नक्षी काढण्याबाबत माझं मत कडक आहे. वोडने अंग निळं करणारे म्हणून सीझर ब्रिटनच्या लोकांचं वर्णन करतो, गॉलचं नाही. पाकिटावरच्या चित्रात निळी वेटोळी असली तरी माझ्या गॉलांच्या अंगावर ती नाहीत.

उघड्याने लढणाऱ्यांचा आधार पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराचा. इ.स.पू. २२५ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ तेलामोनच्या लढाईत गेसाती नावाचे गॉल योद्धे कपडे काढून पुढे उभे राहिले, इन्सुब्रेस आणि बोई या गॉल टोळ्यांचे लोक मात्र विजारी आणि हलके झगे घालून लढले. म्हणजे सबंध फौज नागडी करायची गरज नाही, पुढची एक तुकडी बास. गंमत म्हणजे कपडे नसलेला माणूस रंगवायला कपडेवाल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. नुसत्या एका थरावर पाठ सपाट दिसते, तिथे दोन फिके हात चढवावेच लागतात. घरी पाहुणे आले की ही तुकडी मागच्या फळीवर जाते.

ढाल मात्र या रंगांची परीक्षा घेते आणि ते नापास होतात. सपाट जागेवर रंगाला उतरायला उतार नाही, साचायला खाच नाही, म्हणून नकाशासारखे डाग पडतात. स्वित्झर्लंडच्या ला तेन इथे सापडलेल्या ढाली लाकडी, उभ्या, लांबट गोल, मधोमध उभा कणा. त्यांना साधा रंग आणि वर छापील नक्षीचे स्टिकर. स्टिकर ज्या कंपनीच्या ढालीसाठी छापलाय तिथेच बसतो, कारण मधल्या फुगीर भागाची जागा प्रत्येकाची वेगळी. बसवल्यावर कडेला ढालीच्याच रंगाची बारीक किनार ओढली की कागद कागद वाटत नाही.

धातूला कॉन्ट्रास्ट नकोच. काळ्यावर चंदेरी घासून वर तपकिरी वॉश, म्हणजे खाचेत साचणारा पातळ रंग. चिलखत थोड्यांनाच द्या. कड्यांच्या चिलखताचं श्रेय वॅरो हा रोमन लेखक गॉलांनाच देतो, पण ते परवडायचं सरदारांना. रानडुकराच्या तोंडाचा कार्निक्स (लढाईतलं उभं कर्णा-वाद्य) वाजवणारा असेल तर त्याचं कांसं चकचकीत ठेवा. हिरवा गंज जमिनीत पुरल्यावर चढतो, आणि असे कार्निक्स फ्रान्समध्ये तँतिन्याकला २००४ मध्ये जमिनीतूनच निघाले. लढाईत वाजवणारा माणूस ते घासूनपुसूनच आणत असणार.

प्लास्टिकचे भाले वाकतात. खराट्याची हीर कापून लावली तर सरळ राहते, टोकाकडे आपोआप निमुळती होते आणि रंगही धरते. तळावर चाळलेली वाळू फेविकॉलने, वर वाळवलेला चहाचा चोथा पालापाचोळा म्हणून. त्यावर पातळ फेविकॉलचा हात द्या, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरेल.

टिकाऊपणाचं म्हणाल तर वार्निशशिवाय हे रंग खेळाच्या टेबलावर नेऊ नयेत. थर इतका पातळ असतो की बोटं लागून नाकाचं टोक, खांदा आणि ढालीची कड आधी पांढरी पडते. एका बाटलीचा रंग तर वाळल्यावरही पाण्याचा ब्रश लागला की पुन्हा उठतो, तो मी आता घोड्यांवर संपवतोय. मॅट वार्निश ब्रशने लावा. दमट हवेत स्प्रे मारला तर दुधी पटल येतं.

पुन्हा मागवताना त्वचेच्या रंगाच्या दोन बाटल्या घेणार, मातकट पिवळ्याच्या दोन, चामड्याच्या तपकिरीची एक. १८ मिलीची निळी अजून अर्धी शिल्लक आहे. जांभळी कुणाला हवी असेल तर कळवा, झाकण एकदाच उघडलंय.