शेवाळाच्या औषधाच्या नावाखाली मोरचूद विकलं! खाऱ्या पाण्याची टाकी असणाऱ्यांनी वाचा

एकूण १७,५५० रुपये गेले. आकडा आधीच लिहून टाकतो, नाहीतर लिहिता लिहिता लाज वाटून तो कमी करावासा वाटेल. शिवाय अकरा टर्बो गोगलगाई, सहा हर्मिट खेकडे आणि दोन क्लीनर कोळंब्या मेल्या. क्लाउनफिशची जोडी तेवढी वाचली.

मी या छंदात नवखा नाही. शाळेच्या सहलीत रत्नागिरीला झाडगावचं मत्स्यालय पाहिलं तेव्हापासूनचं हे वेड आहे, आणि तीनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी गेली चार वर्षं सांभाळतोय. पोवळी ठेवत नाही, कारण ती वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. ठेवणाऱ्यांनी आधी तो कायदा वाचावा.

मे महिन्यापासून दगडांवर हिरव्या केसांसारखं शेवाळ आलं. हाताने उपटलं, टूथब्रशने घासलं, दिवे दहा तासांवरून सातवर आणले, तरी आठ दिवसांत परत तेवढंच. ज्यांनी हे भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी उठून टाकीकडे बघवत नाही. अशा वेळी ओळखीच्या एकाने नंबर दिला. मोठ्या शहरातला माणूस, टाक्यांची सर्व्हिस करतो, महिन्यातून एकदा कोकणात फेरी असते म्हणाला.

तो आला, १,५०० रुपये व्हिजिट घेतली आणि दगडावर टॉर्च मारून म्हणाला, "दादा, हे साधं शेवाळ नाही, ब्रायोप्सिस आहे. हाताने काढाल तेवढं तुकड्यातुकड्यातून दुप्पट वाढेल." यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर मी फसलो. ब्रायोप्सिस तुकड्यातून वाढतंच. पण ते पिसासारखं दिसतं, मधे शीर आणि दोन्ही बाजूंना बारीक फांद्या. माझं नुसतं केसासारखं होतं. भिंगाखाली धरलं असतं तर मिनिटभरात कळलं असतं. आणि टाकीत पाणी कुठलं घालता, हे त्याने एकदाही विचारलं नाही! शेवाळावर बोलायला आलेला माणूस पाण्याबद्दल विचारत नसेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

बाटली दिली, ५०० मिलीची, ३,८५० रुपये. "जर्मन फॉर्म्युला, आत फ्लुकोनाझोल आहे, रोज तीस मिली." फ्लुकोनाझोल हे खरं तर बुरशीवरचं औषध, पण ब्रायोप्सिसवर लोक ते वापरतात हे मी वाचलेलं होतं, त्यामुळे खात्रीच पटली. लेबलवर उत्पादकाचं नाव नाही, पत्ता नाही, छापील किंमत नाही. बाहेरचं आहे म्हणून नसेल, असं मीच मनाशी म्हटलं.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडाली ती सांगतो. पहिला डोस घातल्यावर बाटलीच्या पांढऱ्या झाकणावर दोन थेंब राहिले होते. सकाळी पाहिलं तर ते वाळून निळे खडे झालेले, काचेच्या बारीक चुऱ्यासारखे, कडांना फिकट. मी ते नखाने खरवडले आणि झाकण पुसून ठेवलं. आमची पोफळीची बाग आहे. कोळेरोगासाठी, म्हणजे पावसाळ्यात सुपारीवर येणाऱ्या बुरशीसाठी, दर पावसाळ्याआधी घरात बोर्डो मिश्रण होतं, शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचं मीठ) आणि किलोभर चुना. तो निळा रंग मी वयाच्या सहाव्या वर्षापासून बघतोय. माझ्या शर्टांवर त्याचे डाग आहेत. फ्लुकोनाझोल ही पांढरी पूड असते, हेही मला ठाऊक होतं. तरी हाताला लागलेलं ते निळं मी नळाखाली धुतलं आणि दुसरा डोस घातला. का? पैसे दिले होते म्हणून. आणि दोन महिने हरलेल्या माणसाला औषध खरं असावंसं वाटतं म्हणून.

तिसऱ्या दिवशी शेवाळ पांढरं पडलं. आनंदाने त्याला फोटो पाठवला. पाचव्या दिवशी गोगलगाई काचेवरून सुटून वाळूत उलट्या पडल्या. फोन केला तर म्हणाला, शेवाळ कुजून ऑक्सिजन कमी झालाय, दुसरा टप्पा लगेच सुरू करा, थांबलात तर सगळं परत येईल. आणखी दोन बाटल्या, ७,७०० रुपये. दिले. मग नव्या गोगलगाई पाठवतो म्हणून आगाऊ ४,५००. तेही दिले. त्यानंतर फोन लागला नाही.

आमच्या घरच्या अण्णांनी बाटली पाहिली आणि पडवीतला विळा मागवला. वाळूने घासून चकचकीत केला, बाटलीतलं थोडं वाटीत ओतून पातं त्यात बुडवलं. बोर्डो मिश्रणात चुना कमी पडला की नाही हे आमच्याकडे असंच बघतात. थोड्या वेळाने काढला तर पातं तांब्यासारखं लाल. अण्णा काही बोलले नाहीत. मोरचूद मी गेल्या वर्षी किलोला ३४० रुपयांनी आणलं होतं.

खाऱ्या पाण्यातल्या माशांना परजीवी झाला तर तांबं वापरतात, पण वेगळ्या टाकीत, लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, रोज मोजून. गोगलगाई, खेकडे, कोळंबी यांना ते विषच. दगड आणि वाळू ते शोषून घेतात आणि नंतर हळूहळू सोडत राहतात, म्हणून माझे अठरा किलो दगड टाकून द्यावे लागले.

पोलीस ठाण्यात गेलो. दीड तास बसवलं. "मासे मेले? किती किलो?" हा पहिला प्रश्न. गोगलगाई म्हटल्यावर आतल्या खोलीत हसल्याचं ऐकू आलं. तक्रार घेतली नाही, तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत म्हणाले. मत्स्य खात्याच्या माणसाने सांगितलं की आम्ही बोटी आणि मासळीचं बघतो, शोभेच्या माशांचं नाही. लेबलवर पत्ता-किंमत नाही म्हणून वजनमापांच्या कार्यालयात गेलो, तिथे साहेब दौऱ्यावर. तीनदा गेलो, तिन्ही वेळा दौऱ्यावर. बँकेने लेखी द्या म्हटलं, दिलं, पोच मिळाली, पुढे काही नाही. दर खेपेला अर्धा दिवस रजा आणि एसटीचं भाडं. माणूस फसला की आपल्याकडे आधी त्याचीच चौकशी होते, याचा मला फसवणाऱ्यापेक्षा जास्त संताप आहे!

यूपीआयने पैसे गेले असतील तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी बावीस दिवसांनी केला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर निदान तक्रार क्रमांक मिळाला. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच दाद मागता येते, विकणारा दुसऱ्या शहरातला असला तरी, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. दोन वर्षांच्या आत जा. बिल मागा. मी मागितलं नव्हतं, आता स्क्रीनशॉटवर अवलंबून आहे.

शेवाळाचं मूळ कारण माझ्या विहिरीतच होतं. बाष्प होऊन उडालेल्या पाण्याच्या जागी मी विहिरीचं पाणी घालत होतो, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला कलमांना खत पडतं. खतातलं नायट्रेट शेवाळाला पोसतं, ते पाण्यात आहे का बघायच्या ८० रुपयांना एक अशा दोन पट्ट्या आणल्या, दोन्ही गडद लाल झाल्या. आता टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य दाखवणारं आरओ-डीआय, म्हणजे गाळून क्षार काढलेलं पाणीच घालतो.

तिसऱ्या बाटलीत अजून दोनशे मिली शिल्लक आहे. झाकणावर मेण ओतून, तारीख घालून ती कपाटात ठेवली आहे. आयोगाने प्रयोगशाळेत पाठवायची म्हटली तर नमुना तोच. विळाही तसाच ठेवलाय, अण्णांनी तो परत घासू दिला नाही.