ॲनिलीनची ५०० मिलीची बाटली: परभणीच्या प्रयोगशाळेतला पाच महिन्यांचा अनुभव

बाटली तपकिरी काचेची, त्यामुळे आतला रंग बाहेरून कळत नाही. म्हणून ड्रॉपरने थोडं टेस्ट ट्यूबमध्ये काढलं आणि खिडकीशी धरलं. पातळ मधासारखा रंग. आमच्या प्रयोगशाळेचे मामा शेजारीच उभे होते. म्हणाले, "मॅडम, या बारीला बरी निघाली की. मागच्या खेपंची तर काळी ठिक्कर होती."

मी परभणीत सीनियर कॉलेजवर सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवते, आणि केमिकलची खरेदीही माझ्याच गळ्यात आहे. ॲनिलीन हे रंग आणि औषधं बनवायला लागणारं तेलकट द्रव. त्याची एलआर ग्रेडची, म्हणजे साध्या प्रयोगशाळेच्या कामापुरत्या शुद्धतेची, ही बाटली नोव्हेंबरात आली. तेव्हापासून बीएस्सी तिसऱ्या वर्षाची आणि एमएस्सीची प्रॅक्टिकलं, शिवाय एका संशोधक विद्यार्थिनीचं काम, सगळं याच बाटलीवर चाललंय. कंपनीचं नाव देत नाही, कारण माझ्या अनुभवात ॲनिलीनच्या बाबतीत कंपनीपेक्षा बाटली गोदामात किती दिवस पडून होती यालाच जास्त महत्त्व आहे. एकाच कंपनीची एक बाटली सोन्यासारखी निघालेली आणि दुसरी डांबरासारखी निघालेली मी पाहिली आहे.

डांबरासारखी निघाली ती मागच्या मार्चअखेरची. अनुदान संपवायची घाई, तीन कोटेशन, सगळ्यात कमी दराचा विक्रेता, आणि माल थेट ३१ तारखेला दारात. लेबलवरच्या उत्पादनाच्या तारखेवर दुसरा कागद चिकटवलेला होता. नखाने खरवडला तर खाली चार वर्षांपूर्वीची तारीख. फोन केला तर उत्तर आलं, "ॲनिलीन असंच असतं, मॅडम." हे अर्धंच खरं आहे. हवा आणि उजेड लागला की ॲनिलीनचं ऑक्सिडेशन होतं, ते आधी पिवळं, मग तांबूस, मग तपकिरी, शेवटी काळं पडतं. पण ताजं डिस्टिल केलेलं, म्हणजे उकळून त्याची वाफ थंड करून पुन्हा गोळा केलेलं, ॲनिलीन पाण्यासारखं स्वच्छ असतं. ज्याने ते एकदा पाहिलंय त्याला "असंच असतं" म्हणून गप्प बसवता येत नाही. तरी बिल निघून गेलं होतं आणि बाटली परत घेतली नाही ती नाहीच. त्यातलं २०० मिली आम्ही डिस्टिल केलं, तर हाती लागलं जेमतेम १३० मिली. बाकी तळाशी चिकट राळ. तो आरबी (गोल बुडाचा फ्लास्क) आजही नीट स्वच्छ झालेला नाही.

म्हणून या वेळी विक्रेता बदलला आणि ऑर्डरच्या पत्रातच तीन अटी घातल्या. उत्पादन सहा महिन्यांच्या आतलं हवं, बॅच नंबरप्रमाणे तपासणीचा दाखला सोबत हवा, आणि बाटली ट्रॅव्हल्सच्या बसच्या डिकीत टाकून पाठवायची नाही. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. हे विषारी द्रव आहे, माणसांच्या सामानासोबत ते येताच कामा नये. बाटली ट्रान्सपोर्टच्या गाडीने आली. खोक्यात लाकडाचा भुसा, बाटलीभोवती प्लास्टिकची पिशवी, आतलं बूच घट्ट. दाखल्यावर शुद्धता ९९ टक्के. पॅकिंगला माझे पूर्ण गुण. लेबलला मात्र नाही. कवटीचं चित्र आहे, पण धोक्याची सूचना मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत आणि फक्त इंग्रजीत. बाटली हाताळणारे मामा आणि पहिल्यांदा प्रयोगशाळेत येणारी खेड्यापाड्यातली लेकरं ती वाचणार कशी? मी जाड पेनाने चिठ्ठी लिहून चिकटवली: "विषारी. कातडीतून अंगात भिनतं. वास घ्यायचा नाही. सांडलं तर लगेच सांगायचं."

आता डिस्टिलेशन. नवी बाटली असली तरी मी ते टाळत नाही. २०० मिली ॲनिलीन, चिमूटभर झिंकची पूड आणि दोन-तीन पोर्सिलिनचे तुकडे आरबीत घातले. झिंक असल्यामुळे गरम होताना नव्याने रंग धरत नाही. कंडेन्सर (वाफ थंड करणारी नळी) पाण्याचा लावायचा नाही, हवेचाच. १८४ अंशाला उकळणाऱ्या द्रवाची वाफ थंड पाण्याच्या नळीला भिडली तर काच तडकण्याची भीती असते. पहिले काही थेंब गढूळ आले, ती ओल, ते वेगळे काढले. मग पारा चढत गेला आणि १८२ च्या आसपास स्थिरावला. विद्यार्थी दरवर्षी विचारतात, पुस्तकात १८४ आणि इथे १८२ का? थर्मामीटर बिघडलेला नाही. पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीच्या दाबाचा आहे आणि परभणी साडेतीनशे-चारशे मीटर उंचावर आहे, इथे हवेचा दाब थोडा कमी. उत्कलनबिंदू आणि दाबाचं नातं फळ्यावर सांगून जेवढं कळत नाही तेवढं या दोन अंशांत कळतं.

नळीच्या टोकाला थेंब जमायला लागला तेव्हा मी वर्गाला जवळ बोलावलं. आरबीतलं द्रव चहासारखं लाल आणि टोकाला लोंबणारा थेंब अगदी रंगहीन, त्यात खिडकीची चौकट उलटी दिसत होती. मागच्या बाकावरची, एरवी एक शब्द न बोलणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, हे त्याच्यातूनच आलं?" २०० मिलीतून १७५ मिली मिळालं. या बाटलीबद्दल माझं मत इथेच चांगलं झालं.

ॲसिटॅनिलाइड हे ॲनिलीनपासून बनणारं पांढरं संयुग, त्याच्या प्रयोगाला ती सहज उतरली. पाण्यात ॲनिलीन तेलासारखं वेगळं तरंगत-बुडत राहतं, त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून ढवळलं की तेल दिसेनासं होतं, कारण त्याचं पाण्यात विरघळणारं क्षार बनतं. मग ॲसेटिक अनहायड्राइड आणि लगोलग सोडियम ॲसिटेट. गरम पाण्यातून पुन्हा स्फटिक काढले तर अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखे पांढरे चमकदार निघाले, वितळले ११३-११४ अंशांना. न डिस्टिल केलेल्या ॲनिलीनने तोच प्रयोग मुद्दाम करून पाहिला, तर स्फटिकांना मातकट झाक आली, कोळशाची पूड घालून रंग काढावा लागला. हे ॲसिटॅनिलाइड १८८६ पासून तापावरचं औषध म्हणून विकलं जात होतं, पण त्याने रक्ताला अपाय होई. शरीरात त्याचं जे पॅरासिटामॉल होतं तेच खरं काम करतं, हे १९४८ मध्ये ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड यांनी दाखवलं. घरोघरच्या डब्यातल्या गोळीपर्यंतचा हा धागा सांगितला की मुलं वही बाजूला ठेवून ऐकतात.

डायाझोटायझेशनला, म्हणजे ॲनिलीनपासून रंग बनवायच्या पहिल्या पायरीला, आमची खरी परीक्षा असते, आणि त्यात बाटलीचा काही दोष नाही. शून्य ते पाच अंशांत काम करायचं आणि बाहेर एप्रिलचा ४२ अंशांचा पारा. फ्रीजमधला बर्फ दोन बॅचनाही पुरत नाही. मामा सकाळीच बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी पोत्यात गुंडाळून आणतात, कमी पडलीच तर कॉलेजसमोरची रसवंती आहे. लादी फोडून जाड मीठ मिसळायचं, त्यात बीकर रोवायचा आणि सोडियम नायट्राइटचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. स्टार्च-आयोडाइडचा कागद निळा झाला, म्हणजे नायट्राइट पुरेसं झालं, की थांबायचं. एका गटाने घाई केली, पारा बाराच्या वर गेला. बीकरमध्ये सोडावॉटरसारखे बुडबुडे उठले, म्हणजे नायट्रोजन निघून गेला, आणि कार्बोलिक साबणाचा वास सुटला, म्हणजे फिनॉल तयार झालं. त्यांना रंग मिळाला नाही, पण मी त्यांना तेच निरीक्षण लिहायला लावलं आणि गुण दिले.

ज्यांचं जमलं त्यांनी थंड द्रावण बीटा-नॅफ्थॉल या संयुगाच्या अल्कलीतल्या द्रावणात ओतलं आणि क्षणात शेंदरी साका खाली बसला. पेटर ग्रीस या रसायनशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये या पायरीत बनणारी डायाझो संयुगं शोधली, त्याच्या दोन वर्षं आधी अठरा वर्षांच्या पर्किनने ॲनिलीनपासूनच मॉव्ह हा जांभळा रंग काढला होता. फिल्टर पेपरवरचा हा शेंदरी रंग म्हणजे सुदान-१. तिखटाला लाली आणायला भेसळीत हाच सापडला होता, त्यापायी २००५ मध्ये ब्रिटनमध्ये शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून काढून घ्यावे लागले. आमच्या निम्म्या मुलांच्या घरी मिरची कांडपाला जाते. दळून आणलेलं आणि पुडीतलं तिखट ते आता वेगळ्या नजरेने बघतात, आणि माझ्या मते या प्रॅक्टिकलचं सगळ्यात मोठं फळ ते आहे.

नावाबद्दल दरवर्षी प्रश्न येतो म्हणून सांगते. यातला अनिल म्हणजे वारा नव्हे. आपली संस्कृतातली नीली अरबीतून पोर्तुगीजांकडे गेली, तिची 'अनिल' झाली, आणि फ्रिट्शेने १८४० मध्ये निळीपासून हे द्रव मिळवलं तेव्हा त्यावरून नाव ठेवलं. पुढे उलट घडलं, ॲनिलीनपासून नीळ बनू लागली.

संशोधनाच्या कामाला ही बाटली थेट वापरता येत नाही, हे स्पष्ट सांगते. आमची विद्यार्थिनी पॉलिॲनिलीन, म्हणजे ॲनिलीनचे रेणू साखळीत जोडून होणारा पॉलिमर, बनवते. डिस्टिल केलेल्या ॲनिलीनचं तिने आधी हायड्रोक्लोराइड केलं, पांढरेशुभ्र स्फटिक. त्यातले २.५९ ग्रॅम ५० मिली पाण्यात, ५.७१ ग्रॅम अमोनियम परसल्फेट दुसऱ्या ५० मिलीत, दोन्ही एकत्र केले. थोडा वेळ काहीच नाही. मग बीकर कोमट झाला, द्रावण निळं आणि शेवटी गर्द हिरवं. ही हिरवी पूड वीज वाहून नेते. वीजवाहक पॉलिमरच्या शोधासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० सालचं नोबेल मिळालं, त्यांतल्या मॅकडायर्मिड यांनी पॉलिॲनिलीनवरच पुढे खूप काम केलं. तिने काचपट्टीवर याचा पातळ थर चढवला आणि अमोनियाच्या बाटलीच्या तोंडाशी धरला, तर हिरवा रंग बघता बघता निळा पडला. ॲसिडच्या वाफेवर धरल्यावर परत हिरवा. तिला यातून अमोनियाची गळती ओळखणारा स्वस्त सेन्सर करायचा आहे. आमची लादी येते त्या बर्फाच्या कारखान्यात थंडाव्यासाठी अमोनियाच खेळवतात, त्यामुळे कल्पना सुचायला तिला लांब जावं लागलं नाही. बाटलीतलं ॲनिलीन तसंच वापरून पाहिलं तेव्हा पूड मळकट आली आणि वाहकता प्रत्येक वेळी वेगळी.

आता जे सांगायचंय ते कुणी वरवर वाचू नये. मी एमएस्सीला होते तेव्हा माझ्या मैत्रिणीच्या ओढणीवर ॲनिलीन सांडलं. हात धुतले, ओढणी तशीच खांद्यावर राहिली, वाळेल म्हणून. तासाभराने तिचं डोकं दुखायला लागलं. मी तिच्याकडे पाहिलं तर ओठ राखाडी-निळे, नखंही तशीच. दवाखान्यात ऑक्सिजन लावला तरी रंग पालटेना. डॉक्टरांनी रक्त काढलं, ते चॉकलेटसारखं तपकिरी होतं. ॲनिलीन कातडीतून आत गेलं की हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं, आणि ते ऑक्सिजन वाहून नेत नाही. मेथिलीन ब्लूचं इंजेक्शन दिल्यावर हळूहळू तिच्या ओठांवर लाली परत आली. ते औषधही याच कुळातल्या डायमिथाइलॲनिलीनपासून बनलेला रंग आहे, हे मला फार नंतर कळलं. त्या दिवशी फक्त तिचा हात धरून बसले होते.

तेव्हापासून माझ्या प्रयोगशाळेत ओढणी ॲप्रनच्या आत बांधल्याशिवाय कुणी टेबलापाशी येत नाही. पातळ नायट्राइल हातमोज्यांवर भरवसा ठेवू नका, ॲनिलीन त्यातून लवकर पार होतं. थेंब पडला की मोजा तिथेच काढून बदलायचा. डिस्टिलेशनला मी ब्यूटाइल रबरचे वापरते, महाग पडतात पण टिकतात. कपड्यावर सांडलं तर कपडा आधी काढायचा, लाज नंतर. यासाठी मी कपाटात एक जुना गाऊन ठेवलाय.

एकूण पाचपैकी चार. एक गुण लेबलसाठी कापला. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलना एलआर पुरतं, एआरवर (जास्त शुद्ध, महाग ग्रेडवर) जादा पैसे घालू नका, त्यापेक्षा डिस्टिलेशनचा सेट नीट ठेवा. लिटरची बाटली स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, एकदा उघडली की रंग धरायला सुरुवात होतेच. आणि शक्यतो मार्चअखेरीला मागवू नका.

बाटलीत आता साधारण १२० मिली उरलंय. काळ्या कागदात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलं होतं, काल काढून पाहिलं तर कोऱ्या चहासारखं झालंय. सोमवारी एमएस्सीची बॅच आहे, त्याआधी पुन्हा डिस्टिल करायचं आहे. मामांनी झिंकची डबी काढून ठेवली आहे.